चौथं टेबल तुझं नव्हतं

अन्याय झाला तो तुझ्यावर, दिनेश. आणि तो तू गेलास त्या दिवशी झाला नाही. तो झाला दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी जेवणाच्या जरा आधी, गोंदियात, मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत. तू मोबाईलवर पत्त्यांची तीन टेबलं लावून बसला होतास. ज्याला तुम्ही सगळे 'भैया' म्हणायचात तो माणूस मागून आला, तुझ्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि तुझ्या स्क्रीनवर स्वतःच्या बोटानं चौथं टेबल उघडलं. "तीन में क्या होता है, हीरो? चार चला." तू चौथ्यावरचेही पत्ते बघायला लागलास. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सूरजनं हे मला सांगितलं.

लोक म्हणतात, तू मलेरियानं गेलास. दवाखान्याच्या कागदावर तेच आहे आणि ते खरंही आहे. पण मी पत्रकं लिहून लिहून मोठी झालेली पोरगी. पत्रक लिहायला बसलं की आम्हाला पहिलं हेच शिकवलं जातं: सुरुवात कुठून झाली ते सांगा. तुझी सुरुवात डासापासून झाली असं मी लिहिणार नाही. डास देवरीच्या जंगलात सगळ्यांनाच चावतात.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल, तू चिडू नकोस. दिनेश मोबाईलवर पोकर खेळायचा. पत्त्यांचा खेळ. एका टेबलाभोवती सहा जण, कोण कुठल्या गावचा काही माहीत नाही, नुसती टोपणनावं दिसतात. दोन पत्ते तुमचे, पाच पत्ते हळूहळू मधे उघडतात, आणि प्रत्येक टप्प्याला ठरवायचं की पैसे लावायचे की पत्ते टाकायचे. चांगला खेळणारा बहुतेक वेळा पत्ते टाकतो आणि बघत बसतो. या बसण्याचा कंटाळा येतो. म्हणून माणूस त्याच स्क्रीनवर दुसरं टेबल उघडतो. मग तिसरं. किती उघडायची आणि कधी, हा त्या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय असतो, असं तू म्हणायचास. मी म्हणायचे, सगळ्यात सोपा निर्णय आहे: एकही नाही.

आपलं भांडण इथूनच सुरू झालं. आपल्या गोंदियाकडच्या गोरेगावचा आठवडी बाजार होता. आपलं कॉलेज सुटल्यावर मी आमच्या संघटनेची पत्रकं वाटत उभी होते. 'मोबाईलमधला जुगार बंद करा', मथळा माझाच, लाल शाईत. तू मोटारसायकलवर बसून भजी खात होतास.

"काऊन वो पत्रकवाली, दमली का?"

"तू पण घे एक. तुझ्यासाठीच छापलंय."

"मी केव्हाचा पाहून राहिलो. आधी तू एकेकाच्या तोंडाकडे पाहून देत होती. त्या बाईले वाचता येत नव्हतं, तं तिले वाचून दाखवली. मग गर्दी आली. आता तू तोंड पाहतच नाही. हात आला का दे कागद, हात आला का दे कागद. त्या बुढ्याले तू तीनदा दिली."

मी वळून बघितलं. तो शेंगदाणेवाला होता. माझी पत्रकं नीट चौकोनी फाडून पुड्या बांधत होता, आणि पुड्या संपल्या की पुन्हा येऊन माझ्यासमोर हात पुढे करत होता. तू भजी हातात धरून इतका हसलास की तुला ठसका लागला.

"हेच तं आहे," तू म्हणालास. "एक टेबल असलं का माणूस दिसते. कोण घाबरते, कोण उगाच फेकते, कोणाले राग आला. चार लावले का नुसते पत्ते दिसते. मंग जो तुह्या कागदाच्या पुड्या बांधते ना, तोच जिंकते."

"जुगाराला शहाणपणा लावू नको."

"तुह्या पत्रकाले तरी कोण लावून राहिलं?"

मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही. पण पुढच्या बाजाराला मी तोंडं बघून पत्रकं दिली. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू गावभर करून ठेवलं असतंस.

दुसरी आठवण देवरीकडच्या तुझ्या गावची, मोहफुलं वेचायच्या दिवसांतली. जंगलाला आग लावून मोह वेचू नका, हे सांगायला आमची तुकडी तुमच्याकडे आली होती. तुझ्या मायनं मला सकाळीच उठवलं आणि टोपली हातात दिली. "भाषण मंग दे, पयले वेच." मी वेचत होते. फुलं टपटप पडत होती, पाठ मोडत होती, आणि तू झाडाला टेकून मोबाईल बघत होतास. मायनं तुझ्या पायावर काटकी मारली तेव्हा कुठं तू वाकलास.

तुमच्या घरानं त्या वर्षी तीन झाडं धरली होती. चौथं होतं नाल्यापलीकडे, एकटं, खाली फुलांचा सडा पडलेलं. ते सोडून दिलेलं. मी विचारलं, ते काऊन सोडलं? माझं 'काऊन' ऐकून माय हसली. उत्तर तू दिलंस.

"इथं वाकून वेचताना तिथं ढोर आलं तं कळलं पायजे. ह्या तिन्हीचं कळते. नाल्यापलीकडचं कळत नाई. तिकडं गेलो का इकडचं ढोरं खाते."

मग तू जवळ येऊन हळूच म्हणालास, मायला ऐकू जाऊ नये असं: "टेबलाचं बी हेच. मी पयल्यांदा चुकलो. मले वाटलं, न पाहिलेलं टेबल म्हणजे नाल्यापलीकडचं झाड. भेटलं तं भेटलं, नाई तं ढोरानं खाल्लं, आपलं काय गेलं? तसंच आठ दिवस चार-चार लावून बसलो. पण टेबल झाड नाई वो. तिथं दर फेरीत कोणाले ना कोणाले पत्ते पाहायच्या आधीच पैसे ठेवा लागते. आपली पाळी आली अन् आपण दुसरीकडं पाहत असलो तरी ठेवा लागते. झाडाखाली नुसतं उभं राहायचे पैसे लागले असते, तं मायनं दोनच झाडं धरली असती."

चुकलास आणि शिकलास. खेळ शिकवणाऱ्या कुठल्या व्हिडिओत असलं उदाहरण नव्हतं. ती चूक तुमच्या गावातच होऊ शकली असती, आणि तिचं उत्तरही तिथंच, तुझ्या डोळ्यांसमोर रोज होतं. त्यानंतर तू तीनच्या वर गेला नाहीस. तेही रोज नाही. ओळखीचे खेळणारे असले तर. डोळे मिटून पाचही जणांची खोड सांगता आली, तर दुसरं. दोन्हीकडची सांगता आली, तर तिसरं. तेव्हा मला हे सगळं स्वतःची समजूत काढणं वाटलं होतं. मी तसं म्हणालेही. आणि माय पलीकडच्या झाडाखालून ओरडली, "तुम्ही दोघंबी बोलून राहिले, मंग वेचून कोण राहिलं?"

नंतर कायदा आला. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद. पोळ्याचे दिवस होते. आम्ही गोरेगावच्या बसस्टँडवर पेढे वाटले, आणि देवरीहून आलेल्या बसमधून तू उतरलास. मी पेढा तुझ्यापुढे धरला. तू घेतलास, तोंडात टाकलास आणि म्हणालास, "बरा आहे. खातं बंद झालं माझं."

"अभिनंदन."

"तुझं तं झालंच. माझं कायले करते?"

मी हसले. मला वाटलं, संपलं. तू भरती-परीक्षेचा फॉर्म भरशील, किंवा निदान तसं म्हणशील. तू महिनाभर घरी बसलास. मग एक दिवस कळलं की तू गोंदियात आहेस, आणि तिथं एक खोली आहे, खुर्च्या आहेत, पंखा आहे, वायफाय आहे. ॲप वेगळं. त्यात नुसते गुण दिसतात, पैशांचं देणंघेणं खाली जिन्यात हातोहात होतं. भांडवल भैयाचं, डोकं पोरांचं, आणि हरलेले पैसे पोरांच्याच वाट्यातून वजा. वेळ ठरलेली. ती संपायच्या आत उठलं तर त्या दिवसाचा वाटा नाही.

त्या जिन्यासमोरच्या चहाच्या टपरीवर आपण शेवटचं समोरासमोर बोललो. बोललो कसलं, भांडलो.

"हे बेकायदेशीर आहे, दिनेश."

"आधी कायद्यात होतं तेव्हा तू काय म्हणे? बंद झालंच पायजे. झालं ना बंद. आता काय म्हणतेस?"

"आता म्हणते, उठ."

"अन् करू काय? तुझे पत्रक वाटू?"

"हो. वाट."

तू हसलास, पण पूर्ण नाही. चहाचा ग्लास फिरवत राहिलास. मग जे बोललास ते माझ्या कानातून जात नाही. "मले हे येते वो. साऱ्या घरादारात, कॉलेजात, मले काहीच येत नाई म्हणत होते. हे येते. पण आधी मी ठरवत होतो, कधी वाढवायचं, कधी कमी करायचं, कधी उठायचं. आता भैया ठरवते. तो पत्ते पाहत नाई, टेबलं मोजते. जास्त टेबलं म्हणजे जास्त डाव, अन् दर डावामागं त्याचा हिस्सा. मी हरलो का जिंकलो, त्याले काही फरक नाई."

मी म्हणाले, म्हणूनच हा खेळ वाईट. तू म्हणालास, खेळ नाही, मालक वाईट. मी म्हणाले, मालकाशिवाय असा खेळ असतो का कुठं? तू म्हणालास, होता, कालपरवापर्यंत मोबाईल माझा होता आणि मर्जी माझी होती. मी म्हणाले, तेव्हाही मालक होता, तो दिसत नव्हता एवढंच. बस लागली. मी निघून आले. भांडण तिथंच राहिलं, दिनेश. आजही मी माझ्याच बाजूला उभी आहे. कायदा बरोबर होता असंच मी म्हणेन. पण कायदा ॲपच्या दारात उभा राहिला, आणि त्या जिन्यावर कुणीच उभं राहिलं नाही. बंदी आली की पोरं घरी जातात असं आम्ही पत्रकात गृहीत धरलं होतं. पोरं जिना चढून वर गेली.

दिवाळीला तू गावाकडून फोन केलास. मागं फटाके वाजत होते, कुणाचं तरी पोरगं रडत होतं. तू एकदम मुद्द्यावर आलास.

"तू लिहितेस, खेळू नका. जो खेळून राहिला, त्यानं हे कायले वाचायचं? त्याले लिहून दे का कधी उठायचं."

"संघटना असलं छापणार नाही. उद्या लोक म्हणतील, हे जुगार शिकवतात."

"नको छापू मंग. शेंगदाणेवाल्याचं तेवढंच नुकसान." मग तू बोलत सुटलास, मी न विचारता. "कंटाळा आला म्हणून टेबल वाढवू नये, कंटाळा तं कामच आहे. हरल्यावर वाढवू नये. जिंकल्यावर बी लगेच नाई, तेव्हा तं डोस्कं आणखीनच रिकामं असते. एक बी डाव घाईत टाकला असं वाटलं का एक टेबल कमी. पोटात भूक असली का कमी. अन् अंगात कणकण असली तं एक बी नाई. शून्य. सरळ उठायचं."

"तू पाळतोस हे?"

फटाक्यांचा आवाज आला. मग तू म्हणालास, "पाळत होतो."

किती टेबलं चालू आहेत, मी विचारलं. पाच, म्हणालास. मंडईत भेटून बोलू असं ठरलं. तुमच्या गावच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या त्या जत्रेला, मी येणार होते, नाटक बघायला. माय भाकरी बांधून देणार होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सूरजनं सांगितलं ते लिहिते. तू दिवाळी करून परत खोलीवर गेलास. मंडईचे दिवस लागले, टेबलं सहा झाली. एका सकाळी तुला थंडी वाजून आली, खुर्ची हलेल इतकी. तुला काय झालंय ते त्या खोलीत फक्त तुलाच कळलं. तू सूरजला म्हणालास, "हा आमच्याकडला ताप आहे. रक्त द्या लागते." तुमच्या गावात लहान पोरालाही हे माहीत असतं. थंडी वाजली की आशाताई येते, बोटाला सुई टोचते, काचेवर थेंब घेते, गोळ्या देते. लहानपणी इतक्यांदा टोचलंय की आता सुईला बोटात शिरायला गेटपास लावला पायजे, असं तूच सांगायचास. तू उठलास. भैयाजवळ गेलास आणि म्हणालास, रक्त तपासून येतो.

तो माणूस ओरडला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचणारे राक्षस शोधतील आणि राक्षस सापडला नाही की पान उलटतील. त्यानं तुला चादर दिली. चहा मागवला. तापाची गोळी दिली. आणि म्हणाला, "शाम को चले जाना ना, यार. इतना काँप रहा है तो एक टेबल कम कर ले. पाँच चला."

तू म्हणालास, "थँक्यू भैया."

सूरजनं हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला कप फुटला असता तर बरं झालं असतं. काहीतरी फुटायला हवं होतं. ज्यानं 'कणकण असली तं शून्य' हे स्वतः ठरवलं होतं, त्याला सहाची पाच केली म्हणून आभार मानावे लागले! आणि तू मनापासून मानलेस, असं सूरज म्हणतो. चादर पांघरून पुन्हा बसलास. बोट चुकीच्या जागी पडत होतं. संध्याकाळी जायचं राहिलं, कारण संध्याकाळी ताप उतरला होता. या तापाचं असंच असतं, उतरतो आणि माणसाला फसवतो. हेही तुला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तू सूरजला 'माय' म्हणून हाक मारलीस, तेव्हा तुला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूपर्यंत गेलाय.

मी आले तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास. डोळे अर्धे उघडे. उजव्या हाताचं बोट चादरीवर चालत होतं. चालायचं, थांबायचं, पुन्हा दुसऱ्या जागी चालायचं. सिस्टर म्हणाल्या, तापात असं होतं. मला माहीत होतं तू काय करत होतास. मी तुझा हात हातात घेतला. बोट माझ्या तळव्यावर चालत राहिलं.

तुझी माय दुसऱ्या बाजूला बसली होती. तिनं मला एकच विचारलं, तेव्हा नाही, नंतर, तुला गावाबाहेर ठेवून आल्यावर, अंगणात. "त्या खोलीचं दार बंद होतं का?"

"नाही, माय."

"बांधून ठेवलं होतं का माह्या पोराले?"

"नाही."

"मंग त्याले उठता काऊन नाई आलं?"

मी बोलायला तोंड उघडलं. भाषणं केलेली, मोर्चात माईक धरलेला, पत्रकांचे गठ्ठे लिहिलेले, आणि मला एक वाक्य सुचलं नाही. ती वाट बघत बसली. मग कोंबड्यांना हुसकायला उठून गेली.

आज उत्तर लिहिते आहे. तिला वाचून दाखवीन.

माय, त्याचं उठणं आधीच कुणीतरी घेऊन गेलं होतं. थोडं थोडं करून नेलं. पहिल्यांदा नेलं ते दसऱ्यानंतरच्या त्या सोमवारी, चौथ्या टेबलाबरोबर. त्या दिवशी तो चिडून उठला असता तरी चाललं असतं, पण पहिल्यांदा कोण उठतो? एकच तर टेबल. मग पाचवं आलं, सहावं आलं. कधी वाढवायचं हे ज्याच्या हातातून गेलं, त्याच्या हातातून कधी थांबायचं हेही जातं, ते वेगळं हिसकावून घ्यावं लागत नाही. ताप आला तोवर तो स्वतःच्या अंगाचीसुद्धा परवानगी मागत होता. दार उघडं होतं. सूरज म्हणाला, "दीदी, नीचे ही दवाई की दुकान है. हममें से कोई नहीं उठा. सबकी टेबल चालू थी." तो रडला नाही. तो आता तिथं जात नाही. बाकीचे जातात.

दिनेश, तुझ्याबद्दल इथं काय काय बोलतात ते ऐकशील तर उठून बसशील. एक म्हणाला, व्यसन होतं. एक शिकलेला गृहस्थ, तुझ्या गावच्या बैठकीत, खुर्चीवर बसून, तुझी माय खाली बसलेली असताना म्हणाला, "लोभ. दुसरं काय." मी त्याला तिथंच विचारलं, लोभी माणूस नाल्यापलीकडचं भरलेलं झाड सोडतो का? त्याला काहीच कळलं नाही. मायला कळलं. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

तुझं माझ्याकडे काय राहिलं ते सांगू? मी आता बाजारात तोंड बघून पत्रक देते. अर्धा गठ्ठा परत येतो. संघटनेतले ओरडतात, छपाई फुकट जाते म्हणून. जाऊ दे. ज्याच्या हातात कागद पडतो त्याच्याशी दोन शब्द बोलणं होतं, आणि एखादा दुसऱ्या बाजाराला स्वतःहून येऊन भेटतो. हे तू शिकवलंस, भजी खात, माझी टिंगल करत. शेंगदाणेवाल्यानं परवा विचारलं, तो हसणारा पोरगा कुठं गेला? मी सांगितलं. त्यानं पुडी पुढे केली आणि पैसे घेतले नाहीत. पुडी माझ्याच पत्रकाची होती.

तू मागितलेलं पत्रक संघटनेनं छापलं नाही. मी अजूनही म्हणते की खेळू नये. पण तुझे शब्द वर लिहून टाकलेत, जसेच्या तसे, कंटाळ्यापासून शून्यापर्यंत. हेच ते पत्रक समज. यावर वाद घालायला तू नाहीस, तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं. तसं काही वाटत नाही. नाल्यापलीकडून तू काहीतरी उलट बोलशील म्हणून मी अजून कान देऊन बसते.

आता जरा बाजूला हो, दिनेश. मला यांच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही, जे वाचताय. तो जिना तुम्हाला माहीत आहे. गोंदियात असेल, तुमच्या तालुक्याच्या गावात असेल, मोबाईलच्या दुकानावर, बंद पडलेल्या क्लासच्या वर, खाली चपला काढलेल्या दिसतात आणि वरून कुणाचा आवाज येत नाही. तुम्ही रोज त्याखालून भाजी घेऊन जाता. माझं पत्रक घेऊन जाऊ नका, घोषणा देऊ नका, मोबाईलमध्ये शूटिंग करू नका. उद्या दुपारी नुसते वर चढा. दार उघडंच असेल. आत गेल्यावर स्क्रीनकडे बघू नका, तोंडं बघा, एकेक करून. प्रत्येकाला विचारा: किती टेबलं लावलीस? कुणी ठरवलं? आणि ज्याच्या अंगावर चादर असेल, त्याच्या कपाळावर हात ठेवा. गरम लागलं तर तो काय म्हणतो ते ऐकू नका, भैया काय म्हणतो तेही ऐकू नका. त्याच्या दंडाला धरा आणि त्याला खाली घेऊन या.